माळरानावरील पूर्वजांचा माग



अमेरिकेच्या माळरानावर पहिला नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचे कूळ शोधावयाचे, तर आरंभ कोठून करावा? शिरगणतीतून, असे कोणी म्हणेल. परंतु १८९० च्या शिरगणतीचे बरेचसे कागद १९२१ च्या आगीत गेले आणि उरलेले पुढे सरकारनेच निकालात काढले. म्हणून आम्ही जमिनीच्या दप्तराकडे वळतो.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे. मात्र पाच वर्षे तेथे राहून ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. दोन साक्षीदार लागत. ते बहुधा शेजारीच असत. घर केवढे, विहीर आहे की नाही, किती एकर नांगरले, मुले किती, हे सारे त्या जबान्यांत सापडते. परदेशातून आलेल्याचे नागरिकत्वाचे कागदही तेथेच मिळतात. अशी जुनी प्रकरणे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

पण त्या मुलखात आधीपासून वावरणाऱ्या लाकोटा, पॉनी आदी लोकांना या जबान्यांत स्थान नाही. पूर्वजांचे कष्ट खरे, तशी त्या लोकांची हकालपट्टीही खरी. तेव्हा वंशवृक्ष मांडणाऱ्याने सनदेच्या जोडीला त्या मुलखाचे तहनामेही वाचावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.