बेंबळ्याच्या काठावरची हजेरी
(स्नेहमेळाव्याच्या समारोपात केलेले भाषण)



काल सकाळी आपली बस बाभूळगावच्या वाटेला लागली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "रिसॉर्ट सोडून धरणावर काय पाहायचं?" दुपारी निघताना तोच बाक दुर्बीण सोडायला तयार नव्हता. म्हणून जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी थोडं बोलते.

आपल्याकडची मोठी पाणथळं बहुतेक माणसानेच बांधलेली. निळोणा, चापडोह, अरुणावती, पूस, बेंबळा. ती बांधली पिण्यासाठी आणि शेतीसाठी. पक्ष्यांचा विचार कुणी केला नव्हता. तरी ते येतात. पावसाळ्यानंतर जलाशय काठोकाठ असतो. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं की काठ मागे सरकतो, ओला चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, गोगलगायी हाती लागतात. लांब पायांच्या शेकाट्याला खोल पाणी नको, असा उथळ काठच हवा. गहू-हरभऱ्याला दिलेल्या पाण्याच्या पाळीवर त्याचंही जेवण होतं.

काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी तर सगळ्यांनी एका नजरेत ओळखला. संस्कृतच्या तासाला ज्याचा विरह आपण पाठ केला, तो चक्रवाक काल पहिल्यांदा पाहिला. तो लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरता येतो. त्याच भागातून येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षाही उंच उडाल्याची नोंद आहे.

सगळे पक्षी पाहत असताना आपल्यातला एक जण मात्र नुसतं पाणी पाहत होता. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "ते पाणी चमकते ना बाई, तिथं आमची विहीर होती." त्याचं गाव बुडीत क्षेत्रात गेलं. बाई काही बोलल्या नाहीत, त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. या पाण्याची किंमत कुणीतरी मोजली आहे, हे आपण विसरू नये. म्हणूनच ते नीट राखलं पाहिजे.

माझं पोट माहितीच्या नोंदींवर चालतं. उद्या कुणी या काठावर काही बांधायला निघालं, तर "इथं पक्षी होते हो" एवढं सांगून भागणार नाही. कोणते, किती, कोणत्या तारखेला, हे विचारतील. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात हौशी माणसंच मोजतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'ई-बर्ड'वर मोबाईलवरूनही यादी भरता येते. काल आपली यादी मी तिथे भरली. पण एका दिवसाच्या यादीतून फार काही कळत नाही. दहा वर्षं ओळीने भरली, तर पक्षी वाढले की घटले ते दिसेल.

म्हणून एकच विनंती. दर जानेवारीत आपल्यापैकी जे गावाकडे असतील त्यांनी एक सकाळ बेंबळ्याला द्यावी आणि शाळेतली आठवी-नववीची दहा मुलं सोबत न्यावीत. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी सांभाळून पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली, 'पक्षीकोश' दिला. ती नावं या मुलांच्या तोंडी असायला हवीत. दोन दुर्बिणी मी आजच शाळेकडे देते आहे. मोजायला माणसं तुम्ही द्या.