आधी गॅस, मग पाना



मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा ४४ वर गेला की गाड्यांचे एसी मान टाकायला लागतात, आणि माझ्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो. पत्रातून येतो, फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. "कॉम्प्रेसर गेलाय, नवा घरपोच मागवलाय. तीन-चार बोल्ट आणि दोन पाईप, एवढंच तर काम. रविवारी घरीच बदलू का?"

मजुरी वाचते, स्वतःच्या हातानं काम केल्याचं समाधान मिळतं, हे मला समजतं. तीस वर्षं मी याच कामात आहे. कुणी पाना हातात घेऊन शिकायला निघालं तर मला आनंदच होतो. म्हणून उत्तर सरळ देतो. या कामाचे तीन भाग आहेत. गॅस काढून घेणं, कॉम्प्रेसर बदलणं आणि पुन्हा गॅस भरणं. मधला भाग घरी जमेल. पहिला आणि शेवटचा घरी करायचा नाही. आज मी जास्त बोलणार आहे ते पहिल्या भागाबद्दल.

त्याआधी एक गोष्ट. कॉम्प्रेसरच गेलाय याची खात्री करा. फ्यूज उडालेला असतो, रिले खराब असतो, कंडेन्सरचा पंखा बंद असतो, केबिन फिल्टर धुळीनं गच्च भरलेला असतो, आणि दोष मात्र कॉम्प्रेसरवर जातो. नवा माल मागवण्याआधी हे सगळं तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. गॅस मशीननं काढून घेतल्याशिवाय एसीच्या पाईपचा नट सैल करायचा नाही. अर्धा आटासुद्धा नाही.

यावर लोक मला हमखास एक उत्तर देतात. "अहो, थंड हवाच येत नाही, म्हणजे गॅस संपलाच की!" नाही हो, संपलेला नाही. कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून गार हवा बंद झाली असेल, तर गॅस आत जसाच्या तसा आहे. आणि निम्मा गळून गेला असेल, तरी दाब कमी झालेला नसतो. तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. तो निम्मा रिकामा झाला म्हणून शेगडीची आच निम्मी होते का? आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी दाब कायम राहतो. तो दाब किती गॅस उरला यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. एसीचंही तसंच आहे. ४० अंशांच्या उन्हात इंजिन बंद करून उभ्या केलेल्या गाडीत हा दाब १३० पौंडांच्या आसपास असतो. टायरमध्ये आपण हवा भरतो ३०-३२ पौंड. म्हणजे टायरच्या चौपट दाब त्या बोटभर पाईपमागे वाट बघत बसलेला असतो.

बरं, तो नुसता दाबही नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. पाणी १०० अंशांना उकळतं, हा उणे २६ अंशांना उकळतो. पाईपमधून सुटलेला द्रव तुमच्या हातावर पडला, की हातावरच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या कातडीतून ओढून घेतो. कातडी पांढरी पडते, मेणासारखी कडक होते, बोट बधिर होतं. मग फोड येतात, भाजल्यासारखे. हातावर पडला तर हे, आणि डोळ्यात गेला तर दृष्टीच जाऊ शकते. सोबत कॉम्प्रेसरचं तेलही फवाऱ्यासारखं उडतं, ते वेगळंच.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. एक गृहस्थ हातावर ओला टॉवेल गुंडाळून माझ्याकडे आले. घराच्या पोर्चमध्ये गाडी उभी करून त्यांनी डिस्चार्ज पाईपचा नट फिरवला होता. "हळूहळू सोडतो म्हटलं, निघून जाईल," असं म्हणत होते. त्यांची दोन बोटं पांढरीफटक पडली होती. पण मी हादरलो ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोराला बघून. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. कॉम्प्रेसर इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, तिथे अंधार असतो, म्हणून बापानं त्याला मोबाईलची बॅटरी धरायला वाकवून उभं केलं होतं. फवारा त्याच्या कानाजवळून गेला होता. शर्टाच्या कॉलरवर तेलाचे डाग होते. चार बोटं इकडे आला असता, तर डोळ्यात गेला असता.

बाबांनो, कशासाठी हे? मजुरीचे पैसे वाचवायला? बॅटरी धरायला पोराला उभं करू नका हो! मुलाला काम शिकवायचं असेल तर जरूर शिकवा. गॅस काढून झाला, की जवळ बोलवा, त्याच्याही डोळ्यांना गॉगल लावा आणि पाना त्याच्या हातात द्या. तोपर्यंत त्याला बॉनेटजवळ फिरकू देऊ नका.

आणि हवेत सोडलेला गॅस नाहीसा होत नाही. जुन्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आजचा १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट भारी आहे. छोट्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस सोडून दिलात, तर सव्वादोनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान दोन मिनिटांत होतं. उन्हाच्या कहाराबद्दल आपण रोज तक्रार करतो, आणि तोच उन्हाळा अशा फुसकन सोडलेल्या गॅसनं वाढवतो. आमच्या धंद्यातलेही काही जण वाल्व्ह दाबून गॅस हवेत सोडून देतात. त्यांनाही मी हेच सांगतो. म्हणून गॅरेजमध्ये गेलात की पहिला प्रश्न विचारा, "रिकव्हरी मशीन आहे का?" हे मशीन गॅस ओढून टाकीत साठवतं, वजन करून दाखवतं, आणि तोच गॅस गाळून पुन्हा वापरता येतो. नाही म्हणाले, तर दुसरं गॅरेज बघा. कॉम्प्रेसरची पुली जाम झाली असेल किंवा पट्ट्यातून धूर येत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

गॅस काढून आणल्यावरही पहिला नट चष्मा आणि हातमोजे घालून, तोंड बाजूला करून, हळूच सैल करा. आत थोडा उरलेला असू शकतो. एवढं करूनही अंगावर उडालाच, तर चोळू नका, गरम पाणी ओतू नका. कोमट पाणी लावत राहा. डोळ्यात गेला तर कोमट किंवा साध्या स्वच्छ पाण्यानं १५ मिनिटं डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

आता घरी करायचं काम. इंजिन थंड असू द्या, बॅटरीची मायनस तार काढा, पट्टा कसा बसवलाय त्याचा फोटो काढून ठेवा. उघडे पाईप लगेच स्वच्छ बुचानं बंद करा, कारण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. तेल कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलंय तेच आणि तेवढंच घाला. ओ-रिंग नव्याच लावा. आतला ओलावा टिपणारा ड्रायर नवाच बसवा. जुना कॉम्प्रेसर आतून फुटला असेल, तर त्याचा कीस कंडेन्सरमध्ये जाऊन बसलेला असतो. तो कंडेन्सर बदलला नाहीत, तर नवा कॉम्प्रेसर फार काळ टिकणार नाही. बसवून झाल्यावर क्लचची चकती हातानं आठ-दहा वेळा फिरवा. हायब्रीड किंवा विजेची गाडी असेल आणि नारिंगी तारा दिसल्या, तर बॉनेट बंद करून गॅरेज गाठा. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

शेवटचा भाग पुन्हा गॅरेजचा. तिथे किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारायला सांगा, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन निघून जाईल. मग गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून भरून घ्या. स्वयंपाकाचा गॅस स्वस्त पडतो म्हणून कुणी भरून देत असेल, तर त्याच्या दारातही उभे राहू नका.

श्रोतेहो, यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. लेबल वाचता येतं, कुणाला विचारता येतं, चुकीचा बोल्ट पुन्हा काढता येतो. गेलेला डोळा परत बसवता येत नाही. म्हणून येत्या रविवारी बॉनेट उघडाल, तेव्हा आधी गॅस काढून आणलाय का, एवढं स्वतःला विचारा. नसेल, तर पाना खाली ठेवा.