पोटाचा निरोप उशिरा पोचतो
(विचुंबे, पनवेल येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



इफ्तारला मी दहा मिनिटांत चार समोसे, भजी आणि दोन ग्लास सरबत संपवायचो. अब्बा म्हणायचे, "तुझा स्वतःवर ताबाच नाही." मलाही ते पटायचं. गेल्या वर्षी अब्बांनाच मधुमेह निघाला, तेव्हा मी या विषयावर वाचायला बसलो.

रिकामं जठर घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगतं, 'खा.' अन्न आतड्यात उतरलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय सुटतात. रक्तातून आणि व्हेगस मज्जातंतूवाटे त्यांचा निरोप मेंदूकडे जातो, 'पुरे.' पोट भरल्याचं नीट जाणवायला साधारण वीस मिनिटं लागतात. माझे समोसे त्याआधीच संपलेले असायचे!

बारीक असणाऱ्यांनी हसू नये. भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी अंगात चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय. आणि हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं जीएलपी-१चीच नक्कल करतात. ती डॉक्टरांशिवाय घेऊ नका.

आता आमच्या घरी आधी खजूर आणि पाणी, मग मगरिबची नमाज, त्यानंतर सावकाश जेवण. तेवढ्या वेळात आतड्याचा निरोप निघालेला असतो. अब्बाही आता मला टोमणे मारत नाहीत. तुम्हीही कुणाला 'खादाड' म्हणू नका. त्याला शेजारी बसवा आणि हळूहळू जेवा.