वाकस, सामता आणि पृथ्वीप्रदक्षिणा

आपल्या चिंचणी गावात सापडलेल्या, शके 848 म्हणजे इ.स. 926 च्या ताम्रपटात संजाणच्या अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट नावेची सोय केल्याची नोंद आहे. नावेमागे काठावर कुणीतरी राबलेलं असतं. शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्यांबद्दल बोलताना मला आज ते राबणारे हात दाखवायचे आहेत.

पहिला मान जोशुआ स्लोकम यांचा. 1895 ते 1898, मुक्काम करत करत. न थांबता फेरी पुरी केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. 14 जून 1968 ला निघाले, 22 एप्रिल 1969 ला परतले. ती एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायची शर्यत होती; तीत नऊ जण होते, पोचले हे एकटेच. त्यांची 32 फुटी सागवानी ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, आपल्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासून आणि सामत्याने भोकं पाडून घडवलेली. अटलांटिकमध्ये तळाजवळच्या फळ्यांच्या सांधीतून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन श्वास रोखून बुडी मारत, सांधीत कापूस ठोकत, दम घ्यायला वर येत, पुन्हा खाली जात. शेवटी वरून तांब्याची पट्टी ठोकली. मधेच शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. होडी किनाऱ्यावर ओढून करायचं काम या माणसाने भर समुद्रात केलं!

भारतीय माणसाची पाळी यायला पुढे चाळीस वर्षं गेली. फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी याचा ध्यास घेतला आणि नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. बोट बांधायला घेतली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. अशी बोट त्यांनी आधी कधी बांधली नव्हती. मला तर दोंद्यांइतकंच हे धाडस मोठं वाटतं, कारण सांधा चुकला तर जीव दुसऱ्याचा जाणार. 56 फुटी ‘म्हादेई’ घेऊन दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरं करून मे 2010 मध्ये परतले. सुएझ, पनामाचे कालवे वर्ज्य. ल्यूविन, हॉर्न आणि केप ऑफ गुड होप ही तिन्ही टोकं ओलांडायची, असा हा मार्ग.

त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता जाऊन आले. 2018 मधल्या एकट्याने न थांबता करायच्या तशाच जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी त्यांनी बोट घेतली ‘तुरिया’: ‘सुहेली’ची प्रतिकृती, बांधली पुन्हा दांडेकरांनीच. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, टॉमींच्या मणक्याला जबर मार बसला, सुटका करावी लागली. 2022 मध्ये ते दुसऱ्या बोटीने त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले.

दांडेकरांनीच बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ मात्र अजून फिरते आहे. 2024-25 मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी तिच्यातून पृथ्वीला वळसा घालून गोव्याला परतल्या.