‘ताओ’ला मराठीत काय म्हणायचं?

नवापूरहून बोलतोय. आज एकाच शब्दाची गोष्ट.

ह्युएन त्संग शाळेच्या इतिहासातून आठवत असेल. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला. चीनला परतल्यावर, ६४७ मध्ये, सम्राट ताइत्सुंगने त्याला एक काम दिलं: लाओत्सेचं ‘ताओ ते चिंग’ संस्कृतात आणायचं, कामरूपच्या राजासाठी.

आणि ‘ताओ’ याच शब्दावर वाद पेटला. ताओपंथी पंडित म्हणाले, ‘बोधी’ लिहा. ह्युएन त्संग स्वतः बौद्ध, तरी अडून बसला. म्हणाला, ‘मार्ग’च लिहायचं. विचार करा, ‘बोधी’ लिहिलं असतं तर लाओत्से गुपचूप बौद्ध झाला असता!

आता पुण्यात या. १९७४ मध्ये रजनीश तिथे च्वांगत्सेवर इंग्रजीत बोलले. हाताशी होतं थॉमस मर्टनचं १९६५चं पुस्तक. मर्टन ख्रिस्ती साधू. त्याने आधीची भाषांतरं समोर ठेवून आपला च्वांगत्से लिहिला होता. किती हात लागले बघा.

आम्ही इंजिनीअर म्हणतो, आउटपुट सेम आलं की कन्व्हर्जन बरोबर. इथे ती टेस्ट चालत नाही. चिनीत ‘ताओ’ म्हणजे रस्ता, आणि बोलणंही. मराठीत ‘वाट’ म्हटलं तर बोलणं सुटतं, पण ‘वाट पाहणं’ आत येतं. ‘वाट लागणं’सुद्धा!

म्हणून भाषांतर वाचताना दोन प्रश्न विचारा: काय सुटलं? आणि कोणी काय आत आणलं?

तुम्ही कुठला शब्द घ्याल? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.