कर्करोगाच्या दोन रेषा

अमेरिकेतील पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९० च्या सुमारास शिखरास पोहोचले व मग उतरू लागले. स्त्रियांची रेषा मात्र पुढेही काही वर्षे चढतच राहिली. १९८७ मध्येच या रोगाच्या बळींनी स्तनाच्या कर्करोगाच्या बळींना मागे टाकले होते. कारण उघड आहे. सिगारेट पुरुषांनी आधी उचलली, स्त्रियांनी बऱ्याच मागाहून. आणि धुराची वसुली वीस-तीस वर्षांनी होते. डॉल व हिल यांचा इशारा १९५० चा, अमेरिकन सरकारचा अहवाल १९६४ चा. तरीही १९६८ मध्ये 'व्हर्जिनिया स्लिम्स' ही खास स्त्रियांची सिगारेट बाजारात आली, तीही स्वातंत्र्याचा जयघोष करीत! २०१८ मध्ये तेथील संशोधकांना तरुण स्त्रियांतच हा रोग पुरुषांहून अधिक आढळला; केवळ धूम्रपानाने त्याचा पुरता उलगडा होत नाही.