धान्यावाचून पिझ्झा



पगारवाढीवर बोलणाऱ्या माणसाने येथे पिझ्झ्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण पिझ्झा हे मुळात नेपल्सच्या गरीब कष्टकऱ्यांचे, रस्त्यावर उभ्याने खायचे अन्न. तिथल्या भट्टीवाल्यांच्या हस्तकौशल्याला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेव्हा विषय अगदीच माझ्या प्रांताबाहेरचा नाही.

माझ्या आठ वर्षांच्या नातीला सीलिअ‍ॅक नावाचा विकार आहे. गव्हातले किंवा जवातले ग्लुटेन पोटात गेले की तिचेच शरीर तिच्या आतड्याच्या अस्तरावर उठते. जन्मभराचे पथ्य, एवढाच उपाय. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला आणि ही आपल्या डब्यातली राजगिऱ्याची वडी खात बसली. घरी येऊन एवढेच म्हणाली, "आजोबा, आपला पिझ्झा नसतो का?"

त्र्यंबकेश्वरात या प्रश्नाला उत्तर सापडू नये? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, त्या दिवशी येथे घरोघर गव्हाज्वारीवाचूनच चूल पेटते. राजगिरा म्हणजे माठाच्या कुळातले बी, शिंगाडा तळ्यातले फळ, साबुदाणा कंदाचा. वरई मात्र गवताच्या कुळातले अस्सल धान्य. उपवासाने तिला सूट दिली, वनस्पतिशास्त्र देत नाही. ग्लुटेन तिच्यातही नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रथम मी राजगिऱ्याच्या पिठात यीस्ट घालून ते दोन तास झाकून ठेवले. फुगले नाही. गव्हाचा चिवटपणा वायू धरून ठेवतो. येथे धरणारे कोणीच नाही. युनियन नसलेल्या खात्यात मिळालेली सवलत टिकत नाही, तसेच हे. मग यीस्ट सोडले आणि थालीपिठाची वाट धरली. दोन वाट्या राजगिरा, एक वाटी शिंगाडा, दोन उकडलेले बटाटे, मीठ, चमचाभर तेल. ओल्या फडक्यावर पातळ थापावे, तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगले भाजावे. नंतरच वर लसणीत आटवलेला टोमॅटो आणि चीज घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वितळू द्यावे. आधी न भाजता टोमॅटो घातला तर बूड ओले राहते. टोमॅटो आमच्या पिंपळगावच्या बाजारचा. लसणीमुळे उपवास मोडतो, पथ्य मोडत नाही.

पोरीने दोन पिझ्झे खाल्ले. आणि रात्री पोट धरून बसली.

राजगिरा मी स्वतः निवडून गिरणीत नेला होता. माझ्याआधी गव्हाचे दळण झालेले. गिरणीवाल्याने मूठभर राजगिरा आधी दळून बाजूला टाकला आणि मला तेवढे पुरेसे वाटले. सूनबाईने विचारलेही होते, "मामंजी, गिरणी वेगळी होती ना?" मी म्हणालो, चिमूटभराने काय होते? कामगाराच्या चिमूटभर हक्कासाठी आयुष्य भांडण्यात घालवलेला मी, असे बोललो.

आता घरात तिच्या पिठापुरता नवा मिक्सर, वेगळी चाळण आणि वेगळा तवा आहे. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी काय करावे? या गावात उपवासाचे पीठ वर्षभर खपते. एखाद्या बचतगटाने केवळ राजगिरा, शिंगाडा, वरई दळणारी, गहू कधीच न शिवणारी एक गिरणी येथे घालावी. उपवासवाल्यांचे सोवळेही राहील आणि अशा पोरांचे पथ्यही. तशी गिरणी निघाली तर पहिले दळण मी घेऊन येईन, आणि नातीला बरोबर आणीन.